आवाज स्वच्छ आहे

“चिंतू, तुझा आवाज पुन्हा विहिरीत गेला,” महादेव म्हणाला. “जरा पोहरा वर ओढ.”

उत्तरादाखल हेडफोनमधून नुसती खरखर आली, आणि त्या खरखरीच्या तळाशी, कोणी बंद दाराआडून पुटपुटावे तसे काहीतरी. दुपारचे तीन वाजून सदतीस मिनिटे झाली होती. वेळ इतकी नेमकी सांगतो याला कारण आहे. त्या दुपारचा हिशेब मला त्याच दिवशी, मावळतीनंतर, एका परक्या बाईंपुढे मिनिटामिनिटाने मांडावा लागला. आणि आज आठ वर्षे झाली तरी तो क्रम माझ्या स्मरणातून तसूभरही हललेला नाही.

आम्ही तिघे कृष्णाकाठच्या एका लहानशा पाठशाळेतले सहाध्यायी. महादेव जंगम गडहिंग्लजचा, महाविद्यालयातून निवृत्त झालेला, जिभेचा तिखट आणि मनाचा लोण्यासारखा. चिंतामण टेंगशे याने देवरुखच्या शाळेत छत्तीस वर्षे संस्कृत शिकवले आणि पत्नी निवर्तल्यावर तो गावाबाहेरच्या आपल्या घरात एकटाच राहिला. मी, वामन घैसास, सांगलीचा, निवृत्त शाळामास्तर. सत्तरी ओलांडल्यावर आम्हा तिघांना रोज एकत्र आणणारे साधन काय, तर संगणकावरचा एक खेळ. लोक ऐकून हसत. हसोत बापडे. दुर्गाचे रक्षण करण्याचा तो खेळ होता. महादेवाने कोठाराचे पाहावे, मी दरवाजे सांभाळावे आणि चिंतामणने बुरुजावर उभे राहून शत्रू कोणत्या दिशेने येतो ते ओरडून सांगावे. आमचे हात म्हातारे. सारी मदार बोलण्यावर. दिशा आम्ही संस्कृतात सांगत असू. पलीकडच्या बाजूला खेळणारी तरुण मंडळी ही कोणती सांकेतिक भाषा म्हणून चक्रावून जात, आणि महादेवाला त्याचा विलक्षण आनंद होई.

परंतु माझ्यासाठी त्या खेळाला आणखी एक अर्थ होता. चिंतामणची एकुलती कन्या मृदुला आयर्लंडात नोकरीला. आईचे वर्षश्राद्ध आटोपून ती परत निघाली तेव्हा अंगणातल्या तुळशीपाशी मला बाजूला घेऊन म्हणाली होती, “काका, बाबा मला फोनवर ‘बरं आहे’ याच्यापुढे एक अक्षर सांगत नाहीत. तुमच्याशी रोज तास-दीड तास बोलतात. तुम्ही त्यांचा आवाज ऐका. आवाज ठीक आहे एवढं तुम्ही मला कळवलंत, की मी निर्धास्त.”

मी शब्द दिला. त्या दिवसापासून रोज खेळाच्या सुरुवातीला तिला एक ओळ धाडण्याचा परिपाठ मी मोडला नाही. मला अपत्य नाही. माझ्या शब्दावर कुणी निर्धास्त झोपते, या जाणिवेचा मला थोडा अभिमानच होता, हेही लपवत नाही.

आता त्या आवाजाविषयी. चिंतामणचा आवाज मुळातच मृदू. त्यात त्याचा माइक एक महिन्यापासून रुसलेला. कधी आवाज इतका बारीक येई की बुरुजावरून कोणी मुंगी बोलते आहे असे वाटावे. कधी वाक्याचा पहिला शब्दच गळून पडे. मी या विषयाचा अभ्यास मांडला. शाळेत पाठ काढीत असे तशी एक वही घातली आणि तिच्यात क्रमाने उपाय लिहून काढले: माइकची पातळी पाहणे, दुसऱ्या कुठल्या कार्यक्रमाने माइक धरून ठेवला आहे का ते पाहणे, तार काढून पुन्हा बसवणे, माइक ओठांपासून दोन बोटे दूर ठेवणे. खेळताना एकमेकांशी बोलण्याची जी सोय होती तिच्यात एक बारीकशी खूण होती. ती लावली की पंखा, गाडी, भांडी असले मागचे आवाज यंत्र गाळून टाकी. आम्ही तिला ‘गाळणी’ म्हणत असू. चिंतामणचा मृदू आवाज ती गाळणी कित्येकदा पंख्यातच जमा धरी, हा शोध माझाच. दुरून त्याच्या संगणकाचा पडदा पाहण्याची आणि बाण हलवण्याची सोय त्याने मला करून दिली होती, म्हणजे तो नुसता बसून राही आणि मी सांगलीतून त्याच्या माइकची नाडी पाही.

आणि पातळी ठरवण्याची आमची एक रीत होती. कोणी “हॅलो, हॅलो” म्हणायचे नाही. तिघांनी मिळून शब्द चालवायचा. कोणता शब्द, तर ‘वाच्’. वाणीचीच परीक्षा, तेव्हा वाणीचाच शब्द, हा महादेवाचा विनोद. मी प्रथमा म्हणावी, महादेवाने द्वितीया, चिंतामणने तृतीया, पुन्हा मी चतुर्थी, असे फिरत फिरत संबोधनापर्यंत जायचे. प्रत्येकाच्या आवाजाबरोबर पडद्यावर एक हिरवी रेघ उंचावे. तिघांच्या रेघा सारख्या झाल्या की माइक ठीक. पाठशाळेत पहाटे नदीवर उभे राहून आम्ही हेच रूप घोकले होते. गुरुजी म्हणत, “रूप असे मुरले पाहिजे की तुम्ही जागे नसलात तरी जीभ जागी राहावी.” त्या वाक्याची आम्हांला थोरवी वाटे. त्यात काही भय आहे असे तेव्हा वाटले नव्हते.

त्या दुपारी मी आणि महादेव साडेतीनला आत आलो तेव्हा चिंतामण संगणकावरच्या आमच्या बोलण्याच्या खोलीत आधीच बसलेला होता. त्यात नवल नव्हते. जेवण उरकले की दोनच्या सुमारास तो संगणक लावी, हेडफोन चढवी आणि कुणी येईपर्यंत काहीबाही वाचत बसे. मी खेळ सुरू केला. बुरुजावर त्याचा पहारेकरी उभा दिसला. शत्रू आला, आणि दिशा सांगायच्या वेळी ती खरखर.

“हे… ते… हं… ते,” असे काहीसे तुकडे ऐकू आले.

“तुकडे पडतायत,” महादेव म्हणाला. “वामना, काढ तुझी वही. वैद्यबुवा, रोगी दगावायच्या आत या.”

मला सांगायला संकोच वाटतो, पण सांगितलेच पाहिजे, की मी त्या क्षणी वैतागलो होतो. आदल्याच दिवशी मी चिंतामणला बोललो होतो. एवढे उपाय करूनही तू तोंडातल्या तोंडात बोलतोस, नाभीतून आवाज काढायला आपण शिकलो ते काय फुकट गेले, असे मास्तरकीच्या सुरात सुनावले होते. तो काही न बोलता उठून गेला होता. त्यामुळे आजचे पुटपुटणे मला माइकचे वाटले, आणि थोडेसे रुसव्याचेही.

मी त्याचा पडदा उघडला. पातळी पंच्याऐंशीवर होती, मी ठेवली तशीच. दुसरा कार्यक्रम कोणताही चालू नव्हता. एरवी मी असा त्याच्या पडद्यावर गेलो की तो बाण इकडेतिकडे नाचवून मला चिडवी. ते त्याचे स्वागत. आज बाण जिथे होता तिथेच होता. मी गाळणी काढली.

काढताच त्याच्या घरातला सगळा आवाज माझ्या कानात शिरला. पंखा. दूर कुठे कोंबडा. आणि पाणी. भरलेल्या भांड्यातून काठावरून ओसंडून फरशीवर पडणारे, संथ, एकसारखे पाणी.

“ही पन्हाळ कुणाकडे लागलीय?” महादेवाने विचारले.

“चिंतूकडे नळ असेल,” मी म्हणालो. “चिंतू, नळ बंद करून ये, मग आपण वाच् घेऊ.”

तो उठल्याचा आवाज आला नाही. खुर्ची करकरली नाही. मी वाट पाहिली, मग ठीक आहे म्हणून परीक्षेला लागलो. मी प्रथमा म्हटली. महादेवाने द्वितीया म्हटली. आता तृतीयेची पाळी चिंतामणची.

नुसते पाणी. मग श्वास आत ओढल्याचा आवाज, आणि चिंतामण म्हणू लागला:

“वाक् वाचौ वाचः. वाचम् वाचौ वाचः. वाचा वाग्भ्याम् वाग्भिः…”

तो थांबला नाही. चतुर्थी, पंचमी, षष्ठी, सप्तमी. एकेक रूप घाटाच्या पायऱ्या उतराव्यात तसे, स्वच्छ, ठाशीव, ज्या आवाजाची मी महिनाभर याचना करीत होतो त्या आवाजात. हिरवी रेघ कधी नव्हती इतकी उंच गेली. संबोधन झाल्यावर तो थांबला.

महादेव मोठ्याने हसला. “घे. काल बोलला होतास ना नाभी नाभी? आठही विभक्ती तुझ्या तोंडावर मारल्या पंतांनी.”

मीही हसलो. आपली पाळी एका विभक्तीची असताना याने पहिल्यापासून सगळे म्हणून दाखवले, म्हणजे हा माझ्या कालच्या बोलण्याला दिलेला टोला, असे मी धरून चाललो. साठ वर्षांच्या मैत्रीत माणसाचे मन आपल्याला न विचारताच वाचता येते, अशी एक घमेंड असते. माइक उत्तम आहे हे सिद्ध झाले. मग ते पाणी तेवढे कानाला खुपत होते, म्हणून मी माझ्या हातांनी गाळणी पुन्हा लावली. पाणी नाहीसे झाले.

तेवढ्यात फोनवर मृदुलेचा निरोप आला. बाबांना दोनदा फोन केला, उचलत नाहीत, खेळात आहेत ना? मी लिहिले: “आहे. आवाज स्वच्छ आहे. वाच् म्हटली, आठही विभक्ती, एक चूक नाही.” निरोपाखाली वेळ उमटली, चार वाजून दोन मिनिटे. तिने हात जोडल्याची खूण पाठवली आणि ती आपल्या कामाला लागली.

त्यानंतर आम्ही पाऊण तास खेळलो. हा पाऊण तास मला अजून गिळता येत नाही.

चिंतामण एकही दिशा सांगेना. त्याचा पहारेकरी बुरुजावर उभ्या जागी डावीकडे वळत राहिला. एक फेरी झाली की दुसरी. सावकाश, घाण्याच्या बैलासारखा, शत्रू डोळ्यांसमोर आला तरी त्याच्यावरून नजर फिरवून पुढे. महादेव म्हणाला, पंतांनी प्रदक्षिणा घालायला घेतल्यात, आणि त्याही उलट्या. मी म्हणालो, रुसलाय, रुसू दे. पूर्वेचा दरवाजा पडला. कोठार लुटले गेले. मध्ये दोनदा महादेवाने त्याला काही विचारले, दोन्ही वेळा काही तुटके हुंकार आले आणि मग पुन्हा “वाक् वाचौ वाचः”. दुसऱ्या वेळी महादेव हसला नाही. एवढेच म्हणाला, “हा आज फारच ताणतोय.”

पाचाला दहा मिनिटे असताना मृदुलेचा दुसरा निरोप आला. खेळ संपला असेल तर बाबांना फोन उचलायला सांगा.

“चिंतू,” मी म्हणालो, “झालं ते झालं. मी काल जास्त बोललो. मृदुला फोन करतेय, उचल बाबा.”

“वाक्,” तो म्हणाला. “वाचौ. वाचः.”

“अरे, तुझा फोन कुठे आहे?”

“वाचम् वाचौ वाचः.”

स्वर तोच, स्वच्छ. पण आता त्या स्वच्छपणात मला काहीतरी ऐकू आले. प्रश्नाला प्रश्न म्हणून ओळखण्याची एक लकेर माणसाच्या आवाजात असते. नकार देतानाही असते, रुसून बोलतानाही असते. ती नव्हती. मोकळ्या घरात कोणी दिवा लावून निघून जावे आणि दिवा जळत राहावा, तसा तो आवाज होता.

“चिंतू,” मी म्हणालो, आणि माझाच आवाज मला ओळखू येईना, “तुझं नाव सांग.”

मग अतिशय कष्टाने, जणू दुसरे दारच सापडत नसल्याने पुन्हा त्याच दाराशी यावे तसे, “वाचा… वाग्भ्याम्… वाग्भिः.”

महादेव हळूच म्हणाला, “वामना.”

मी त्याच्या पडद्यावर गेलो. बाण तिथेच होता, सव्वा तासापूर्वी होता तिथेच. मी गाळणी काढली.

पाणी अजून वाहत होते.

चिंतामणच्या घरी एक दिवसाआड दोन वाजता नळ येई. तोटी सोडायची, वीस मिनिटांत पिंप भरते, पिंप काठाला आले की बंद करायची. फाल्गुन महिना, देवरुखचे कातळ तापलेले. तो माणूस तोंड धुतलेले पाणी अळवाला घालणारा. आमच्यापैकी कोणी गुळण्या करताना तोटी उघडी ठेवली तर पाठशाळेतदेखील उठून बंद करी. ते पाणी मी पावणेचार वाजता ऐकले होते. ऐकले, आणि कानाला खुपते म्हणून झाकून टाकले होते.

शेजारी मापारी कुटुंब राहत असे. रेहाना मापारी अंगणवाडीत शिकवत. त्यांचा क्रमांक मृदुलेने मला देऊन ठेवला होता. मी फोन लावला, काय बोललो ते आठवत नाही. फोन ठेवला आणि हेडफोन घट्ट धरून बसलो, कारण करण्यासारखे दुसरे काही उरले नव्हते. माइक इतका उत्तम जुळवलेला होता की मला सारे ऐकू आले. फाटकाची कडी. धावती पावले. पाण्यात पाय पडल्याचा छपछप आवाज. मग त्यांचा सूर, आधी लांबून आणि मग जवळून: “सर? ओ सर. टेंगशे सर, इकडे बघा. माझ्याकडे बघा हो.”

आणि चिंतामण त्यांना म्हणाला, “वाक् वाचौ वाचः.”

नंतर तोटी बंद झाली. त्या क्षणी जी शांतता पसरली, तिच्यात मला महादेवाचे रडणे ऐकू आले.

“काका,” रेहानाताई माइकपाशी वाकून म्हणाल्या, “तोंड एका बाजूला गेलंय. उजवा हात लोंबतोय. डाव्या हाताचं बोट त्या बटणांवर तसंच दाबून ठेवलंय. गाडी बोलावतेय मी.”

पावणेसातला त्याला रत्नागिरीच्या रुग्णालयात नेले. रेहानाताई सोबत होत्या. सात वाजून गेल्यावर तिथल्या डॉक्टर, सावर्डेकर नावाच्या, फोनवर आल्या; आयर्लंडातून मृदुला आणि सांगलीतून मी, असे आम्ही तिघे एकाच फोनवर. त्या शांतपणे आणि भरभर बोलल्या. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी आहे. ती विरघळवणारे औषध आहे. दिले तर वाचा परत येण्याची आशा आहे. पण झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आतच ते देता येते. त्यानंतर दिले तर मेंदूत रक्तस्राव होऊन माणूस हातचा जाऊ शकतो. झटका कधी आला ते कुणी पाहिलेले नसते तेव्हा एकच गोष्ट धरायची असते.

“ते शेवटचे ठीक कधी होते?” त्यांनी विचारले. “अंदाज नको. खात्रीने ठीक होते, ती वेळ मला सांगा.”

“चार वाजून दोन मिनिटं,” मृदुला म्हणाली. तिच्याकडे उत्तर तयारच होते. “माझ्याकडे लिहिलेलं आहे. काकांचा निरोप आहे, आवाज स्वच्छ आहे म्हणून. काका, सांगा ना त्यांना.”

“चार दोन,” डॉक्टर म्हणाल्या. “मग आपल्याकडे साडेआठपर्यंत वेळ आहे. आम्ही तयारीला लागतो. तुम्ही स्वतः त्यांच्याशी बोललात, बरोबर?”

मी वहीकडे पाहिले. समोरच होती. पहिल्या पानावर माझ्या वळणदार अक्षरात क्रमवार उपाय.

“काका?” मृदुला म्हणाली.

मी आणखी काही बोललो नसतो तर चालले असते. होय एवढेच म्हणायचे होते; आणि ते अगदीच असत्यही नव्हते, कारण चार वाजून दोन मिनिटांनी त्याचा आवाज खरोखरच स्वच्छ होता. त्याची वाचा परत येण्याची जी एकमेव वाट होती ती त्या शब्दातून जात होती. आणि त्याच्या मरणाचीही. तिच्यासमोर, त्याच्या मुलीसमोर, मला माझ्या शब्दाची किंमत दोन्ही बाजूंनी दिसत होती.

“नाही,” मी म्हणालो. “तो बोलला नाही. त्याने म्हटलं.”

“म्हणजे?” डॉक्टरांनी विचारले.

“मी त्याला पाठ असलेलं म्हणायला लावलं आणि त्याने ते म्हटलं. साडेतीनपासून तो एकही वाक्य बोललेला नाही. मला ते कळायला हवं होतं, कळलं नाही.” मग मी नळाचे सांगितले. दोन वाजता त्याने तोटी सोडली, म्हणजे दोन वाजता तो ठीक होता. दोन वीसला त्याने ती बंद केली नाही.

डॉक्टरांनी क्षणभर मोजले असावे. “म्हणजे दोन धरायचे,” त्या म्हणाल्या. “मग ते औषध देता येत नाही.” त्यांनी आवाज उतरवला. “घैसास सर, तुम्ही हे सांगितलंत ते बरं झालं. दोनची वेळ मला चार म्हणून कळली असती, तर मी त्यांना ते दिलं असतं.”

मृदुलेच्या श्वासाचा आवाज तेवढा येत होता, आणि मग तोही बंद झाला. तिने फोन ठेवला होता.

चिंतामण त्यानंतर सहा वर्षे जगला. मृदुला नोकरी सोडून देवरुखला आली. त्याचा हात थोडा सुधारला, काठी घेऊन तो अंगणात जाऊ लागला. वाचा आली नाही. पाणी हवे असले, दुखत असले, आनंद झाला, तरी त्याला एकच वाट उघडी होती आणि तो त्याच वाटेने येई. वर्षातून दोनदा मी त्याच्याकडे जात असे. तुळशीपाशी खुर्च्या मांडून आम्ही बसत असू. मी प्रथमा म्हणत नसे. तो आपणहून सुरू करी आणि माझ्या डोळ्यांत पाहत राही, अशा आर्जवाने, की त्या रूपांच्या आडून तो दुसरेच काही सांगत आहे हे मला कळे, आणि ते काय आहे ते कधीच कळत नसे. मृदुला चहा आणून ठेवी. तिने मला कधी दोष दिला नाही. आदरात कधी उणे केले नाही. फक्त त्या दिवसानंतर ती मला ‘काका’ म्हणाली नाही. ‘घैसास सर, साखर बेताची घातलीय,’ असे म्हणे.

दोन वर्षांपूर्वी माघात तो गेला. शेवटच्या सकाळी त्याने सप्तमीपर्यंत म्हटले, असे रेहानाताईंनी मला कळवले.

महादेव आणि मी अजून साडेतीनला येतो. दोघांना दुर्ग राखता येत नाही, हरतो. सुरुवातीला माइक तपासतो. पण वाच् चालवत नाही. गाळणी मी कायमची काढून टाकली आहे. मी महादेवाला विचारतो, आज भाजी कोणती होती? हा तिखट जिभेचा माणूस या एका प्रश्नाची कधी थट्टा करीत नाही. वांगी होती, सुनेने दाण्याचे कूट जरा जास्त टाकले, एक फोड कच्ची राहिली होती, असे सगळे सविस्तर सांगतो. मग तो मला तेच विचारतो आणि मी सांगतो.

त्यानंतर आम्ही दोघेही थोडा वेळ गप्प बसतो, आणि एकमेकांच्या घरात कुठे पाणी वाहत नाही ना, ते ऐकतो.